अमेरिकेतला पहिला उन्हाळा: शहराच्या पार्क्स अँड रेकचे कार्यक्रम शोधायचे कसे आणि मिळवायचे कसे

अमेरिकेत नव्यानं आलेल्या कुटुंबाला पहिल्या उन्हाळ्यात एकाच गोष्टीची धास्ती असते: शाळा बंद, मुलं घरात आणि समोर दहा-अकरा आठवडे. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत शाळा मेच्या अखेरीस सुटतात, न्यू यॉर्क शहरात जूनच्या शेवटापर्यंत चालतात, पण सुट्टीची लांबी सगळीकडे साधारण सारखीच. ऑफिसात किंवा ओळखीत विचारलं की खासगी कॅम्पांची, म्हणजे उन्हाळी शिबिरांची, नावं कळतात आणि त्यांची आठवड्याची फी ऐकून माणूस गप्पच बसतो. आपल्याच शहराचं एक खातं हेच काम दरवर्षी, कितीतरी कमी पैशांत आणि बऱ्याचदा फुकट करतं, हे मात्र फार कमी जण आपणहून सांगतात.

हे खातं म्हणजे पार्क्स अँड रिक्रिएशन, बोलताना 'पार्क्स अँड रेक'. त्याचे कार्यक्रम म्हणजे ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय, असा एक गैरसमज आपल्या लोकांत आहे. तो आधी काढून टाका. हे खातं शहराच्या करांवर चालतं. तुम्ही भाड्यानं राहत असलात तरी घरमालक भरतो त्या मालमत्ता कराचा भार तुमच्या भाड्यात असतोच. ज्या दिवशी तुमच्या नावावर घराचा करार झाला, त्या दिवसापासून तुम्ही या शहराचे रहिवासी. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाशी याचा संबंध नाही.

उलट या साऱ्याची सुरुवातच नवख्यांच्या मुलांपासून झाली. १८८५ साली बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये, स्थलांतरित कुटुंबांच्या दाटीवाटीच्या वस्तीत, पार्मेंटर स्ट्रीटवरच्या एका चॅपेलच्या अंगणात मुलांना उन्हाळ्यात खेळायला वाळूचा ढीग टाकला गेला. अमेरिकेतल्या सार्वजनिक खेळांगणांची चळवळ तिथून सुरू झाली असं मानतात. तेव्हा संकोच करण्याचं काही कारण नाही.

आपलं खातं नेमकं कोणतं?

नाव सगळीकडे एक नसतं, आणि नवा माणूस पहिल्यांदा इथेच अडतो. इलिनॉयमध्ये 'पार्क डिस्ट्रिक्ट' असतात. नगरपालिकेपासून वेगळी, स्वतःचा कर गोळा करणारी ही संस्था असते, त्यामुळे नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्यानं शहराच्या वेबसाइटवर कॅम्प शोधून उपयोग नाही, नेपरव्हिल पार्क डिस्ट्रिक्टची वेबसाइट उघडावी लागते. मिनियापोलिसमध्ये १८८३पासून स्वतंत्र पार्क बोर्ड आहे आणि त्याचे सदस्य लोक निवडून देतात. व्हर्जिनिया, मेरीलँडमध्ये बऱ्याच ठिकाणी हे काम काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी यंत्रणा, करते. फेअरफॅक्समध्ये काउंटीची पार्क ऑथॉरिटी आहे, माँटगोमेरीत काउंटीचं रिक्रिएशन खातं आहे. न्यू इंग्लंडच्या लहान गावांत नुसतं 'रेक डिपार्टमेंट' म्हणतात, आणि कॅलिफोर्नियात काही शहरं हेच काम 'कम्युनिटी सर्व्हिसेस' या नावाखाली करतात. गाव किंवा काउंटीचं नाव आणि त्यापुढे 'समर कॅम्प' असं शोधलं की बहुतेक वेळा योग्य पान सापडतं. फक्त वेबसाइटचा पत्ता सरकारी आहे ना, ते पाहून घ्या, कारण वर जाहिराती खासगी कॅम्पांच्याच येतात.

मग पाहायची ती हद्द. पत्रावर शहराचं नाव आहे म्हणजे तुमचं घर त्या शहराच्या हद्दीत आहे असं नाही. टपाल खात्याचा पत्ता आणि नगरपालिकेची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपनगरांतल्या कित्येक नव्या वसाहती हद्दीबाहेर, थेट काउंटीच्या अखत्यारीत असतात. मग शहराच्या कार्यक्रमात तुम्ही 'नॉन-रेसिडेंट' ठरता, फी जास्त पडते आणि नोंदणीही काही दिवस उशिरा उघडते. काउंटीच्या मालमत्तेच्या नकाशात घराचा पत्ता टाकला की हद्द दिसते. नाहीतर सरळ रेक सेंटरला, म्हणजे खात्याच्या स्थानिक केंद्राला, फोन करून पत्ता सांगा, एका मिनिटात उत्तर मिळतं. घर अजून ठरायचं असेल आणि मुलं लहान असतील, तर भाड्याचं घर पाहतानाच हे विचारून घ्या असं मी आग्रहानं सांगेन. दोन मैलांच्या फरकानं बरंच काही बदलतं.

उन्हाळ्याची तयारी जानेवारीत

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्याकडे परीक्षा संपत आल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकतात आणि आदल्या आठवड्यात नाव घातलं तरी चालून जातं. इथे बाहेर बर्फ असताना उन्हाळ्याचं वेळापत्रक निघतं. अनेक शहरं जानेवारी ते मार्चच्या दरम्यान समर कॅम्पची माहिती आणि नोंदणीची तारीख जाहीर करतात, आणि पोहण्याच्या वर्गांची नोंदणी त्यानंतर एप्रिल-मेच्या सुमारास उघडते. जूनमध्ये शोधायला बसणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं, आणि त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलांचा पूर्ण दिवसाचा कॅम्प जवळजवळ कधीच नसतो.

म्हणून नवं वर्ष उजाडलं की तीन कामं करा. खात्याच्या ईमेल यादीत नाव घाला. 'अ‍ॅक्टिव्हिटी गाइड' नावाची पुस्तिका निघते, ती वेबसाइटवरून उतरवून घ्या किंवा ग्रंथालयातून छापील प्रत आणा. आणि नोंदणीच्या प्रणालीत घराचं खातं उघडून ठेवा. अ‍ॅक्टिव्हनेट, सिव्हिकरेक, वेबट्रॅक यांसारख्या प्रणाली अनेक शहरं वापरतात. खातं उघडताना कुटुंबातल्या प्रत्येकाची जन्मतारीख भरावी लागते, आणि रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून घराचा करार, वीज-पाण्याचं बिल किंवा ड्रायव्हिंग लायसन्स अपलोड करावं लागतं. हा पुरावा कुणीतरी माणूस तपासून मंजूर करतो, त्याला दोन-चार दिवस लागू शकतात. नोंदणीच्या सकाळी खातं उघडायला बसलात तर रहिवाशाचा दर्जा मिळेपर्यंत जागा संपलेल्या असतात.

नोंदणीच्या दिवसाचे नियम शहरागणिक वेगळे. शिकागो पार्क डिस्ट्रिक्टमध्ये कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या पार्कांची ऑनलाइन नोंदणी एका दिवशी आणि पूर्वेकडच्या पार्कांची दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते, म्हणजे सगळं शहर एकाच वेळी तुटून पडत नाही. काही शहरं लॉटरी काढतात. पण बहुतेक ठिकाणी ठरल्या मिनिटाला शर्यत सुरू होते, आणि तिची तयारी आदल्या रात्रीच करायची असते. हव्या असलेल्या कॅम्पांचे क्रमांक लिहून ठेवा, कारण प्रत्येक आठवड्याच्या सत्राला वेगळा क्रमांक असतो आणि नावानं शोधत बसण्यात वेळ जातो. प्रणालीत 'विशलिस्ट'ची सोय असेल तर सत्रं आधीच त्यात टाकून ठेवा. कार्डाची माहिती भरून ठेवा. ज्या आठवड्यांवाचून तुमचं अडणारच आहे ते आधी घ्या, बाकीचे नंतर.

जागा भरली असेल तर वेटलिस्टवर नाव घालाच. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. मे-जूनमध्ये लोकांचे बेत बदलतात, कुणी भारतात जायची तिकिटं काढतं, कुणाची बदली होते, आणि यादी भराभर पुढे सरकते. मात्र जागा मिळाल्याचा ईमेल आला की उत्तर द्यायला एक-दोन दिवसांचीच मुदत असते. तो ईमेल स्पॅममध्ये जात नाही ना, ते पाहत राहा.

कॅम्प निवडताना

मुलाचं वय कोणत्या तारखेला मोजतात ते वाचा. काही ठिकाणी सत्राच्या पहिल्या दिवशी, तर काही ठिकाणी येत्या शाळेच्या इयत्तेवरून मोजतात. लहान मुलांच्या कॅम्पसाठी मूल स्वतः बाथरूमला जाणारं हवं, ही अट जवळजवळ सगळीकडे असते.

मग वेळ. 'फुल डे' म्हणजे सकाळी ९ ते दुपारी ३ किंवा ४ असतं, ऑफिसच्या वेळेशी ते जुळत नाही. त्याच्या आधी-नंतरची 'एक्स्टेंडेड केअर' वेगळी घ्यावी लागते आणि तिच्या जागा वेगळ्या भरतात. कॅम्प मिळाला पण ही सोय नाही मिळाली, तर दोघं नोकरी करणाऱ्या घरात मोठी ओढाताण होते. तेव्हा ऑनलाइन नोंदणी करताना दोन्ही एकाच वेळी 'कार्ट'मध्ये टाका. काही कॅम्प अर्ध्या दिवसाचे असतात, आणि काही ४ जुलैच्या आठवड्यात चारच दिवस चालतात. तारखा नीट पाहून घ्या.

रोबोटिक्स, बुद्धिबळ, कोडिंग असे 'स्पेशालिटी कॅम्प' शहराच्या पुस्तिकेत असतात, पण ते बहुधा बाहेरची कंपनी शहराच्या इमारतीत चालवते आणि त्यांची फी चढी असते. आपल्या पालकांचा ओढा साहजिकच तिकडे असतो. माझं प्रामाणिक मत असं की पहिल्या उन्हाळ्यात मुलाला साध्या, जनरल डे कॅम्पमध्ये (रात्री मुक्काम नसलेल्या) घाला: मैदानी खेळ, हस्तकला, आठवड्यातून एकदा पूल, एखादी सहल. नव्या देशात आलेल्या मुलाला आधी सोबती हवे असतात, आणि ते एकट्यानं स्क्रीनसमोर बसून मिळत नाहीत. किकबॉल खेळताना भाषा जितक्या लवकर सुटते तितकी वर्गात बसून सुटत नाही. शिवाय कॅम्पला येणारी मुलं बहुधा जवळपासच्याच शाळांतली असतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्गात शिरताना दोन-चार चेहरे ओळखीचे निघतात.

मुलाला एखादं अपंगत्व असेल, ऑटिझम असेल किंवा वर्तनासाठी जास्त आधार लागत असेल, तर मागे हटू नका. १९९०च्या 'अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अ‍ॅक्ट' या कायद्यानं शहरांना आपल्या कार्यक्रमांत वाजवी बदल करून अशा मुलांना सामावून घेणं बंधनकारक केलं आहे, आणि या सोयीसाठी पालकांकडून जादा पैसे घेता येत नाहीत. 'इन्क्लूजन सर्व्हिसेस' नावाचा विभाग किंवा निदान एक जबाबदार व्यक्ती असते. नोंदणी झाली की लगेच त्यांना कळवा. जादा माणूस नेमायचा असेल तर त्यांना काही आठवडे लागतात.

पोहणं: इथे काटकसर करू नका

एकच गोष्ट परवडत असेल तर पोहण्याचा वर्ग घ्या. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पाण्यात बुडणं हे आहे. इथल्या उन्हाळ्यात पाणी सगळीकडे असतं: अपार्टमेंटचा पूल, मित्राच्या घरामागचा पूल, तळ्याकाठची सहल, वाढदिवसाची पूल पार्टी. आपल्यापैकी कित्येक आई-बापांना स्वतःला पोहता येत नाही, त्यामुळे धोका दुप्पट होतो. मोठ्यांसाठीही नवशिक्यांचे वर्ग असतात. चाळिशीत पाण्यात उतरणारे तुम्ही पहिले नसाल, तिथे सगळेच पहिल्या पायरीवर असतात.

बऱ्याच शहरांत अमेरिकन रेड क्रॉसचा 'लर्न टू स्विम' हा सहा पातळ्यांचा अभ्यासक्रम शिकवतात. त्याआधी तान्ह्या मुलांसाठी पालकांसोबत पाण्यात उतरायचे वर्ग असतात. पातळी निवडताना मुलाचं वय पाहू नका, त्याला काय येतं ते पाहा. तोंड पाण्याखाली घालायला घाबरणारा नऊ वर्षांचा मुलगाही पहिल्या पातळीतच बसतो. चुकीच्या पातळीत घातलं तर पहिल्या दिवशी बदलून देतात, पण हव्या त्या वर्गात जागा असेल तरच. सत्र बहुधा दोन आठवड्यांचं असतं, रोज सकाळी अर्धा तास. तेवढ्यानं मूल पोहायला लागत नाही, दोन-तीन सत्रं सलग घ्यावीत आणि मधल्या काळात 'ओपन स्विम'च्या, म्हणजे वर्गाशिवाय मोकळं पोहण्याच्या, वेळी सराव करून घ्यावा.

सार्वजनिक पूलचे काही नियम आपल्याला नवे असतात. सुती हाफपँट आणि टीशर्ट घालून पाण्यात उतरू देत नाहीत, पोहण्याच्या कापडाचाच पोशाख लागतो. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख त्या कापडाचा असला की सहसा चालतो, हे अंगभर कपडे हवे असणाऱ्या बायकांनी जरूर लक्षात ठेवावं. डायपरमधल्या बाळाला स्विम डायपर लागतो. हवा भरून दंडाला बांधायच्या फुग्यांना बऱ्याच ठिकाणी बंदी असते, यू.एस. कोस्ट गार्डची मान्यता छापलेलं लाइफ जॅकेटच चालतं. खोल भागात जाण्याआधी मुलांची पोहण्याची चाचणी घेतात आणि पास झालेल्यांच्या मनगटाला पट्टी बांधतात. लहान मुलांसोबत मोठ्या माणसानं पाण्यात, हाताच्या अंतरावर राहायचं असतं. लाइफगार्ड आहे म्हणून काठावर फोन बघत बसू नये. गडगडाट ऐकू आला की पूल रिकामा करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही आत सोडत नाहीत. मुलं कितीही रडली तरी तिथल्या तरुण लाइफगार्डांशी हुज्जत घालू नका, हा नियम जीव वाचवतो.

न्यू यॉर्क शहराचे उघड्यावरचे पूल जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांना फुकट असतात. तिथे जाताना लॉकरसाठी स्वतःचं भक्कम कुलूप न्यावंच लागतं, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं. पूलच्या काठावर टीशर्ट घालायचा तर तो पांढरा आणि कोरा हवा. फिलाडेल्फियात शहराचे ६०हून अधिक उघडे पूल आहेत, तेही फुकट. ऑस्टिनमधला बार्टन स्प्रिंग्स हा तीन एकरांचा पूल जमिनीखालच्या झऱ्यांवर भरतो आणि त्याचं पाणी बारा महिने ६८ ते ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापात २०-२१ अंशांच्या आसपास असतं. टेक्ससच्या उन्हात त्याचं सुख काय ते उतरल्यावरच कळतं.

पैशांचं गणित

फी भरण्याआधी 'फायनान्शियल असिस्टन्स' किंवा 'स्कॉलरशिप' असं पान शोधा. उत्पन्नानुसार सवलत देणारी शहरं खूप आहेत. अर्ज नोंदणी उघडण्याआधी करायचा असतो, कारण मंजुरी हातात असेल तरच सवलतीच्या दरानं नाव घालता येतं. एकाच पगारावर चालणाऱ्या मोठ्या कुटुंबांनी आपण या सवलतीत बसणार नाही असं गृहीत धरू नये, मर्यादा कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते.

करातली सवलत मात्र बऱ्याच जणांच्या हातून निसटते. १३ वर्षांखालच्या मुलाच्या डे कॅम्पची फी 'डिपेंडंट केअर एफएसए'मधून भरता येते. नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फत पगारातून करापूर्वी बाजूला काढलेले हे पैसे असतात. त्याची वार्षिक मर्यादा आधी ५,००० डॉलर होती, २०२६पासून ती ७,५०० डॉलर झाली आहे. नाहीतर विवरणपत्रासोबत फॉर्म २४४१ भरून एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर क्रेडिट, म्हणजे करात थेट सूट, मिळतं. एकाच खर्चावर दोन्ही लाभ घेता येत नाहीत. खेळाचा किंवा कॉम्प्युटरचा डे कॅम्पही चालतो, पण रात्री मुक्काम असलेला कॅम्प अजिबात चालत नाही. मुख्य अट ही की नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे हवेत, किंवा एक जण नोकरीत आणि दुसरा पूर्णवेळ शिकणारा किंवा काम शोधणारा हवा. एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) घरी असलेल्या जोडीदारामुळे ही सवलत सहसा मिळत नाही, पण तोच जोडीदार पूर्णवेळ विद्यापीठात शिकत असेल तर मिळू शकते. कॅम्पची पावती आणि त्यावरचा शहराचा कर क्रमांक जपून ठेवा.

परताव्याचा नियमही नोंदणीआधी वाचा. बहुतेक ठिकाणी कॅम्पच्या एक-दोन आठवडे आधीपर्यंत नाव काढलं तर थोडी रक्कम कापून बाकीची परत मिळते, त्यानंतर काही नाही.

कागदपत्रं आणि रोजची पिशवी

लसीकरणाची नोंद बऱ्याच ठिकाणी लागते. भारतातलं पिवळं किंवा निळं पुस्तक तसंच्या तसं घेतीलच असं नाही, म्हणून इथल्या बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन त्या नोंदी राज्याच्या फॉर्मवर उतरवून घ्या. काही राज्यांत कॅम्पसाठी डॉक्टरांच्या तपासणीचा दाखलाही मागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये कॅम्पांना स्थानिक आरोग्य मंडळाचा परवाना लागतो, त्यामुळे तिथे कागदांबाबत कुणी सूट देत नाही. मे महिन्यात डॉक्टरांच्या भेटीची वेळ मिळणं कठीण असतं, मार्च-एप्रिलमध्येच घ्या. मुलाला दम्याचा पंप किंवा एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) लागत असेल तर डॉक्टरांच्या सहीचा वेगळा फॉर्म असतो. औषध मूळ डब्यातच, मुलाच्या नावाच्या लेबलसकट द्यायचं.

मुलाला घ्यायला कोण येणार त्यांची नावं फॉर्मवर लिहावी लागतात, आणि रोज फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतातून आलेले आजी-आजोबा न्यायला जाणार असतील तर त्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. उशीर झाला तर मिनिटांच्या हिशेबानं दंड आकारतात.

पिशवीत पाण्याची मोठी बाटली, टोपी, टॉवेल, कपड्यांचा जोड आणि सनस्क्रीन, प्रत्येक वस्तूवर नाव. पायात बंद बूट, चपला नकोत. काउन्सेलर, म्हणजे कॅम्पमध्ये मुलांना सांभाळणारे तरुण, बहुधा लेखी परवानगीशिवाय मुलाला सनस्क्रीन लावत नाहीत, म्हणून घरूनच लावून पाठवा आणि दुपारी स्वतः कसं लावायचं ते शिकवा. डबा गरम करून देत नाहीत आणि फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, तेव्हा बर्फाच्या पॅकची डब्याची पिशवी घ्या. पोळी-भाजीचा रोल, पराठा, फळं हे सगळं टिकतं. पण कॅम्प 'नट-फ्री' असेल तर शेंगदाण्याची चटणी, कूट घातलेली कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, चिक्की यांतलं काहीही चालणार नाही. आपल्या स्वयंपाकात दाणे इतके मुरलेले असतात की भाजीत घातलेलं कूट आपल्या लक्षातही येत नाही, आणि शेजारच्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं. भरली वांगी डब्यात देण्याआधी मसाल्यात काय आहे ते आठवा.

ईशान्येकडच्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत मुलं झाडीतून फिरून आली की संध्याकाळी अंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते पाहायची सवय लावा.

नाव न घालता जे मिळतं

कॅम्प मिळाला नाही तरी उन्हाळा वाया जात नाही. मला स्वतःला खात्याचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्प्लॅश पॅड म्हणजे जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांचं अंगण, बहुतेक ठिकाणी फुकट आणि नोंदणीविना. सिॲटलमध्ये लहानग्यांचे उथळ वेडिंग पूल आहेत. ऊन आणि तापमान ७० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज असेल त्या दिवशी ते उघडतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाची माहिती पाहून घ्यायची. शिकागोत उन्हाळाभर वेगवेगळ्या पार्कांत रात्री उघड्यावर फुकट सिनेमे दाखवतात, आणि मिलेनियम पार्कमध्ये ग्रँट पार्क संगीत महोत्सव भरतो. १९३५पासून चालत आलेला हा महोत्सव हिरवळीवर बसून ऐकायला पैसे पडत नाहीत. फिलाडेल्फियात 'प्लेस्ट्रीट्स' या उपक्रमात उन्हाळ्यात ठरावीक गल्ल्या दिवसा वाहनांना बंद करतात, मुलं रस्त्यावर खेळतात आणि तिथेच त्यांना जेवण मिळतं.

जेवणावरून एक सांगायला हवं. केंद्राच्या कृषी खात्याच्या उन्हाळी भोजन योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक पार्कांत, ग्रंथालयांत आणि शाळांत जेवण फुकट मिळतं. खुल्या केंद्रांवर नाव नोंदवावं लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नोकरी गेली असेल, महिना ओढगस्तीचा असेल, तर मुलांना घेऊन नि:शंक जा. शाकाहारी काय आहे ते विचारा, रोज असेलच असं नाही.

आई-बाबा भारतातून आले असतील

मे ते सप्टेंबर म्हणजे आई-बाबांच्या अमेरिका वारीचा हंगाम. आपण ऑफिसात, मुलं कॅम्पमध्ये, गाडी चालवता येत नाही, आणि आजी-आजोबा दिवसभर चार भिंतींत. त्यांच्यासाठी सिनियर सेंटर पाहा. बऱ्याच शहरांत ते याच खात्याखाली असतं आणि ५५ किंवा ६० वर्षांपुढच्यांना नाममात्र फीत प्रवेश मिळतो: चालण्याचे गट, खुर्चीत बसून करायची योगासनं, ताई ची, कॅरम, पत्ते, इंग्रजी संभाषणाचे वर्ग. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्यांना पदवीसाठी गणला न जाणारा, हौसेचा छोटा वर्ग करायला मुभा आहे, तेव्हा ती काळजी नको. येण्याजाण्याचं काय, ते मात्र आधी विचारा. काही सेंटर घरून ने-आण करणारी गाडी पाठवतात, पण ती सोय बहुधा स्थानिक रहिवाशांनाच असते. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, स्वागतकक्षातल्या माणसाशी ओळख करून द्या. तेवढ्यानं पुढचं सोपं होतं.

मोठी मुलं

तेरा वर्षांपुढे बहुतेक कॅम्प संपतात आणि घरात कंटाळलेलं एक किशोरवयीन मूल उरतं. त्यांच्यासाठी 'काउन्सेलर इन ट्रेनिंग' असतं: लहान मुलांच्या कॅम्पमध्ये मदतनीस म्हणून शिकायचं. बहुधा याचा पगार नसतो, कधी उलट थोडी फी असते, पण जबाबदारी खरी असते. मेरीलँडमध्ये शाळा पूर्ण करायला ७५ तासांची समाजसेवा लागते, तिच्यातही असं काम धरतात का ते शाळेत विचारून घ्यावं. रेड क्रॉसचं लाइफगार्ड प्रशिक्षण १५व्या वर्षापासून घेता येतं. एच-४ वरच्या मुलांना मात्र पगारी काम करता येत नाही. शहरानं नोकरी देऊ केली तरी घेऊ नका, आणि बिनपगारी कामाच्या बाबतीतही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

मैदान, शेल्टर आणि परवाने

पार्कातलं छप्पर असलेलं शेल्टर वाढदिवसासाठी भाड्यानं मिळतं, आणि शनिवार-रविवारची तारीख कित्येक महिने आधी धरावी लागते. दारू, मोठा स्पीकर, हवेचा बाउन्स हाउस यांना वेगळी परवानगी लागते, बाउन्स हाउसला तर विम्याचा कागदही मागतात.

क्रिकेटसाठीही हेच खातं. न्यू यॉर्कच्या व्हॅन कॉर्टलँड पार्कमध्ये क्रिकेटची मैदानं आहेत, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावाच्या चर्च स्ट्रीट पार्कमध्ये तर २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. गावाच्या पार्कात ते मैदान झालं, कारण तिथली भारतीय वस्ती त्याची मागणी धरून राहिली. तुमच्या गावात खेळपट्टी नसेल तर पार्क बोर्डाच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात, तिथे प्रत्येक रहिवाशाला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. चार कुटुंबं मिळून गेलात आणि किती जण खेळणार, कोणत्या दिवशी, याचा कागद सोबत नेलात, तर लोक नीट ऐकून घेतात.

जुलै महिना देशभर 'पार्क अँड रिक्रिएशन मंथ' म्हणून पाळतात. तेव्हा रेक सेंटरमध्ये खुले दिवस आणि मोफत पहिले वर्ग असतात, नवीन खेळ चाखून पाहायला हा चांगला मोका. ऑगस्ट लागला की शरद ऋतूची पुस्तिका निघते. उन्हाळ्यात मुलाची पोहण्याची जी पातळी झाली असेल तिचं कार्ड शिक्षकाकडून मागून घ्या आणि त्याच आठवड्यात इनडोअर पूलच्या पुढच्या पातळीत नाव घाला.